चार बोटं उंच इंजिन

नामदेव आप्पा कोळपे कुठल्याही इंजिनाला पाना लावण्याआधी त्याची परवानगी घ्यायचे. थट्टा नाही करत. इंजिन पाण्याचं असो, ट्रॅक्टरचं असो नाहीतर पिठाच्या गिरणीचं, आप्पा आधी पायातल्या वहाणा काढायचे, हातातल्या बाभळीच्या काठीचं एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे, दुसरं टोक उजव्या कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि हळूच विचारायचे, "काय दुखतंय रं लेकरा?"

इंजिन बंद असलं तरी विचारायचे. एकदा एका नव्या शिकून आलेल्या मेकॅनिकनं तोंड उघडलं, "आप्पा, बंद इंजिनातनं काय ऐकू येनार?"

"बंद हाय म्हनून तर ऐकू येतंय," आप्पा म्हणाले. "चालू असल्यावर निस्ता गलका."

तो मेकॅनिक पुढं कापडाच्या दुकानात लागला असं ऐकतो.

काठी आप्पांच्या वडलांची, मेंढरं वळायची. कोळप्यांच्या मागच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं चालल्या. आप्पांनी मात्र भीमेच्या काठी, वडगाव रासाईत चार एकर धरली, मेंढरं मेहुण्याला खुटबावला देऊन टाकली आणि नदीवरच्या डिझेल इंजिनांचे डॉक्टर झाले. मेंढरं गेली तरी सवय गेली नाही. दिवस मावळायला आप्पा आपले पाने, नट, वायसर जमिनीवर मांडून दोन-दोननं मोजायचे. एक कमी आला तर सगळ्यांनी गुडघ्यावर बसून शोधायचा, मग तुमच्या घरी पाहुणे येऊन बसलेले असोत की बायको बाळंत होत असो. "एक कमी असला की मला झोप न्हाई," असं म्हणायचे, आणि इतरांनाही लागू द्यायचे नाहीत.

कान असा की विचारू नका. एका लग्नात पंगतीला बसले होते. जिलेबीचा पहिला घास तोंडाकडं जातोय, तेवढ्यात हात थांबला. "पल्याडच्या काठावर पाचवं इंजिन मिसिंग मारतंय," म्हणाले, आणि भरल्या पानावरून उठून नदीकडं चालते झाले. मांडवात ताशा वाजत होता, वर कर्णा लावलेला, नवरीची आत्या रुसून ओरडत होती. त्यातून यांना नदीपलीकडचं पाचवं इंजिन ऐकू आलं. मी मागं जाऊन मोजलं. पाचवंच होतं.

आणि कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच. तब्येत कशी आहे आप्पा? "चालू हाय." ऊस कसा आहे? "चालू हाय." मामी कशा आहेत? मामी म्हणजे आप्पांची बायको, पण साऱ्या गावाची मामी. "चालू हाय. आवाज जरा मोठा हाय, पन चालू हाय."

आता माझ्या ट्रककडं येतो.

शिक्रापूरला हमरस्त्याच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान. त्या रस्त्यावर एवढ्या गाड्या बंद पडायच्या की मला वाटलं, ओढून न्यायला एखादी क्रेन केली तर आयुष्याची ददात मिटली. म्हणून मी लिलावातून मिल्ट्रीचा एक मोडीत निघालेला ट्रक उचलला. काय तो ट्रक! चाकं माझ्या छातीला लागायची. दुसऱ्या गाडीनं ओढून आणला, तेव्हा त्याचं नाक शिक्रापुरात पोचलं तरी शेपूट सणसवाडीतच होतं. बॉनेट उघडलं तर आत इंजिन होतं, पण इंजिनापेक्षा उंदीर जास्त.

आप्पांना बोलावलं. त्यांनी वहाणा काढल्या, काठी लावली आणि पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

"गेलं हे, सुभाष."

"कशानं?"

"थंडीनं. लई वर ऱ्हायल्यालं हाय हे. बर्फात."

थंडी काठीतून कशी ऐकू येते हे मी विचारणार होतो, पण आप्पा तोवर दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले होते. दोन्ही हात चाकावर. पुढं बघत. "क्लच बघतोय," म्हणाले.

त्यानंतर आठ महिने तो ट्रक माझ्या दुकानामागं मेल्या हत्तीसारखा पडून राहिला. कोंबड्यांनी त्यात अंडी घातली. आणि आप्पा अधूनमधून वडगावहून सायकल मारत यायचे, पंधरा-वीस मिनिटं क्लच बघायचे आणि जायचे. एवढा बघितलेला क्लच साऱ्या हिंदुस्थानात दुसरा नसेल.

त्याचं कारण सांगायला हवं. आप्पांचा एकुलता एक मुलगा, संपत. हात बापासारखाच इंजिनातला, पण तोंड मामींचं. अठराव्या वर्षी एका भांडणात बापाला म्हणाला, "आप्पा, तुमाला पान्याच्या इंजिनापल्याड काय कळतंय?" आप्पा म्हणाले, "मग जा की मिल्ट्रीत. खरं इंजिन बगून ये." रागातलं बोलणं. पण पोरगं खरंच गेलं, आणि मिल्ट्रीनं त्याला ट्रकवर ड्रायव्हर केलं, वर, डोंगरात. चार वर्षं झाली. पोरगं सुट्टीला आलं नाही. पत्रं यायची ती मामींच्या नावानं, आणि त्यात आप्पांना शेवटच्या ओळीत एक नमस्कार.

त्या उन्हाळ्यात वर डोंगरात गोळीबार सुरू झाला आणि पत्रं यायची थांबली. एक महिना, दोन महिने, तीन. त्या दिवसांत आप्पा रोज क्लच बघायला यायचे. एकदा चहावाल्यानं सहज विचारलं, "आप्पा, संपत कसा हाय?" मला वाटलं, आता ठरलेलं उत्तर येणार. आप्पांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

आणि एका दुपारी ते सायकल टाकून धावत दुकानात शिरले. हातात निळं आंतर्देशीय. त्यांना वाचता यायचं, तरी मला म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." संपत धडधाकट होता. सुट्टी मिळाली होती. पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी अकराच्या गाडीनं दौंडला उतरणार होता. मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर आप्पांनी पागोट्याच्या शेवानं नाक पुसलं आणि एकदम आवाज चढवला.

"सुभाष, तुझ्या ट्रकात दुसरं इंजिन बसिवतो. मजुरी नगं. पन पयली खेप माजी. सोमवारी, अकराच्या गाडीला, दौंड ठेसन."

"आप्पा, एसटी जाते की दौंडला."

"त्यो उतरल आन् समोर बगल," आप्पा म्हणाले, "तवा त्याच्या मिल्ट्रीचाच ट्रक हुबा पायजे. त्यात जीव घातलेला पायजे. आन् त्यो कुनी घातला, ते त्येनं मला इचारलं पायजे."

पंधरा दिवस. मिल्ट्रीच्या ट्रकाचं इंजिन बदलायला मिल्ट्रीला महिना लागतो, आणि त्यांच्याकडं अख्खी मिल्ट्री असते. आमच्याकडं आप्पा, मी, आणि शेजारचा वेल्डर मिश्रा. मिश्रा उत्तरेकडचा, दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले तीन हिंदीत.

दौंडला एका भंगारवाल्याकडं मालट्रकाचं एक बरं इंजिन होतं. ते आमच्या बॉनेटखाली मावेल का, एवढाच सवाल. मी टेप काढला. आप्पांनी तो असा बघितला की मी परत खिशात घातला.

"टेप कंपनीची. ती कंपनीचीच बाजू घेनार," म्हणाले, आणि कमरेची दोरी सोडली. ही दोरी त्यांनी स्वतः कातलेल्या लोकरीची. त्यांचे वडील घोंगडी, मेंढरं कोंडायची वाघर, जमीन, सगळं अशाच दोरीनं मोजायचे. आप्पांनी इंजिनाची उंची घेऊन तिथं गाठ मारली, लांबीला दुसरी, रुंदीला तिसरी. दुसऱ्या दिवशी शिक्रापूरला येऊन तीच दोरी बॉनेटच्या आत धरली. "बसतंय," म्हणाले. "वर दोन बोटं जागा उरती. वाऱ्याला बरी."

इंजिन आणलं. तीन खांबांचं तिकाटणं उभं करून साखळीनं जुनं बाहेर काढलं. ते उचलताना साखळी जी ओरडली, ती आमदाराच्या सभेत ऐकू गेली म्हणतात. जुनं इंजिन भंगारात द्यायला आप्पांनी साफ नकार दिला. त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळून दुकानामागं लिंबाखाली ठेवलं. मग नवीन इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सशी जुळेनात. मिश्रानं मध्ये बसवायला जाड लोखंडाची चकती कापून दिली. इंजिन खाली सोडलं, बोल्ट आवळले, आणि शुक्रवारी दुपारी आप्पांनी मोठ्या ऐटीत बॉनेट खाली ओढलं.

बॉनेट बसेना. इंजिन चार बोटं वर.

आप्पांनी दोरी काढून मोजलं. दोरी म्हणाली, बसतंय. पुन्हा मोजलं. दोरी म्हणाली, बसतंय, वर दोन बोटं जागा. समोर इंजिन बॉनेटमधून डोकं काढून आमच्याकडं बघतंय, आणि आप्पा दोरी घेऊन मला समजावतायत की ते आत आहे.

"बॉनेट वाकलंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बॉनेट सरळ आहे."

"मग जमीन वाकली आसंल."

चाकं काढून जमीन बघायची तयारी चालली होती, तेवढ्यात मामी भाकरी घेऊन आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "दोरी सोच्छ दिसती का न्हाई? मी धुतली. दौंडास्नं आल्याव केवढी घान झाली व्हती."

आप्पा सावकाश वळले. "कशानं धुतली?"

"सोडा घालून. कडक पान्यात."

"लोकर? कडक पान्यात? आगं, मेंढक्याची लेक तू! लोकर आटती कडक पान्यात!"

"मग काय गार पान्यानं डिझेल निघतंय व्हय?"

इंजिन मोजल्यावर आणि ट्रक मोजायच्या आधी मधल्या रात्रीत दोरी आटली होती. म्हणजे दौंडला इंजिन होतं तेवढंच होतं, वडगावात येईपर्यंत ते सहा बोटं बुटकं झालं. आप्पा मटकन खाली बसले. चूक त्यांच्या हातून होत नाही असं मी वीस वर्षं ऐकत आलो होतो, त्यांच्याच तोंडून. आज ते दोरीच्या गाठी बोटांनी चाचपत होते. शुक्रवार संपत आला होता. दुसरं इंजिन शोधायला वेळ नव्हता. मामी त्यांच्या शेजारी बसल्या, भाकरीचं फडकं सोडलं आणि हळूच म्हणाल्या, "एसटीनं जाऊ की. त्यो आपल्याला बगाया येतोय, ट्रकाला न्हाई."

आप्पा ऐकत नव्हते. ते मिश्राकडं बघत होते. मिश्रानं पलीकडच्या बांधकामावरून वाळूचं एक घमेलं उचललं होतं आणि ते उपडं करून इंजिनाच्या डोक्यावर ठेवलं होतं. चपखल.

"टोपी," मिश्रा म्हणाला. त्या दिवशीचा त्याचा पहिला शब्द.

बॉनेटला गोल भोक पाडलं, वर घमेलं वेल्ड केलं, हिरवा रंग मारला. ट्रक पाटलाच्या जावयासारखा दिसायला लागला.

सोमवार उजाडला. आठ वाजता निघायचं होतं. मामी नवं लुगडं नेसून केबिनमध्ये आधीच चढून बसल्या होत्या, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. मी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, खोकलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. सव्वाआठ. साडेआठ. बॅटरी थकायला लागली. रस्त्यावरची रिकामी माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. एकानं तर लिंबू आणून दिलं.

आप्पांनी काठी लावली. ऐकलं. "आईनं घेतलं न्हाई अजून," म्हणाले.

"कुणाच्या आईनं?"

"गाडीनं. परकं लेकरू हाय ते. वास परका येतोय." आणि मला त्या घाईतही सांगायला लागले. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं पोरकं झालं, की त्याला या मेंढीखाली लावायचं असतं. ती घेत नाही, लाथा मारते. मग मेलेल्या कोकराचा ओलावा त्या पोरक्याच्या अंगाला चोळायचा. तिला आपला वास येतो. मग ती चाटायला लागते.

म्हणाले आणि चालते झाले लिंबाखाली. घोंगडी सोडली, जुन्या इंजिनाच्या पोटातलं काळं तेल ओंजळीत घेतलं आणि येऊन नव्या इंजिनाला मालिशवाल्यानं पैलवानाला चोळावं तसं चोळलं. "घे गं बाय," ट्रकला म्हणाले. "तुजंच हाय. घे."

आता खरं सांगतो, कारण मला खोटं बोलायची सवय नाही. आप्पा वरून तेल चोळत होते तेव्हा मिश्रा खालून डिझेलच्या नळीचा नट ढिला करून अडकलेली हवा काढत होता. दोघांचं एकदमच झालं. मी किल्ली फिरवली, आणि तो ट्रक असा गरजला की शिक्रापुरातली सगळी कुत्री तळेगावला गेली. घमेल्याखालून काळा धूर निघाला, जमलेली माणसं दिसेनाशी झाली, आणि धुरातून दोन आवाज आले.

"आईनं घेतलं!" हा आप्पांचा.

"एअर निकल गया," हा मिश्राचा.

मी दोघांनाही हो म्हणालो. तुम्हीही म्हणा.

पावणेनऊला निघालो. न्हावऱ्यापर्यंत आप्पा काठी दोन्ही पायांत धरून, एक टोक खालच्या पत्र्याला आणि दुसरं कानाला लावून बसले होते. "बंद करू नगंस," दर फर्लांगाला सांगायचे. "काय बी झालं तरी बंद करू नगंस. एकदा बंद पडलं तर फिरून घ्यायचं न्हाई ते." चढावर गुरगुरलं की डोळे मिटायचे, उतारावर उघडायचे. भीमेच्या पुलावर मामींनी नदीत एक रुपया टाकला. खिडकीतून टाकताना जोर एवढा लावला की बहुतेक पलीकडच्या काठावर पडला. दौंडचा सिग्नल दिसला तेव्हा अकराला दहा कमी होते. मी स्टेशनच्या बाहेर, टांग्यांच्या बाजूला ट्रक लावला आणि इंजिन चालूच ठेवलं. आप्पांनी खाली उतरून पागोटं नीट केलं, आणि जरा पाय फाकून ट्रकच्या नाकापुढं उभे राहिले. गेले पंधरा दिवस ते याच क्षणाची तालीम करत होते.

गाडी आली. माणसं बाहेर पडायला लागली. मामींनी आधी ओळखलं. काळी लोखंडी पेटी खांद्यावर, अंगानं वाळलेला, रापलेला, उंच. चार वर्षांपूर्वीचं पोरगं कुठंतरी आत होतं. मामी त्याला धरून जे काही बोलल्या ते गाडीच्या शिट्टीत गेलं. मग त्यानं वर बघितलं, आणि ट्रक दिसला.

पेटी खाली ठेवून तो ट्रकभोवती एक चक्कर मारून आला. चाकाला हात लावला. घमेल्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग बापाकडं वळला.

"आप्पा, कुनी बसिवलं हे?"

हाच तो प्रश्न. यासाठी पंधरा दिवस, तीन माणसांच्या पाठी आणि एक घमेलं खर्ची पडलं होतं. आता आप्पा काय काय सांगतील म्हणून मी ट्रकला टेकून ऐकायच्या तयारीत उभा राहिलो.

"चार बोटं उंच झालंय," आप्पा म्हणाले. "चुकलंच जरा."

उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. संपतनंही नसावा. आप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या. पुढं झाले, काठीचं एक टोक पोराच्या छातीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"आप्पा... ठेसन हाय हे. लोक बगत्यात."

"गप हुबा ऱ्हा. बोललं की कळत न्हाई."

लोक बघत होते. हमाल थांबले. एक टांगेवाला चाबूक तसाच धरून राहिला. संपत चार वर्षं मिल्ट्रीत काढलेला माणूस. पण तो तिथं शाळेत उभं केल्यासारखा हात खाली सोडून उभा होता, आणि हळूहळू त्याची मान खाली आली, बापाच्या पागोट्याच्या बरोबरीला. आत आलेली गाडी सुटली. तिचा शेवटचा डबा गेला. गर्दी पांगली. आप्पा ऐकतच होते.

"चालू हाय," शेवटी मामींना म्हणाले. डोळे मिटलेलेच. "मिसिंग न्हाई कुठं."

आणि काठी काही काढली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या पाठीला लागणारी ट्रकची थरथर थांबलीय. इंजिन बंद पडलं होतं, कधीचं कोण जाणे. जिलेबी टाकून नदीपलीकडचं पाचवं इंजिन ऐकणारा हा माणूस त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता.

"आप्पा," मी घाबरत म्हणालो, "ट्रक बंद पडला."

"पडू दे," आप्पा म्हणाले.